कोकणातलं चिऱ्याचं जुनं घर वाढवायचंय? आधी सिमेंट बाजूला ठेवा

"पाडूया आणि स्लॅबचं बांधूया" हे दर मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या ओटीवर ऐकू येतंच. पाडू नका हो, वाढवा. जुनं घर कोरडं ठेवायचं आणि ओलं, वजनदार, मॉडर्न जे काय हवंय ते बाजूच्या नव्या भागात न्यायचं, एवढं धरून चाललात की बाकीचं सोपं जातं.

आधी कागद. घरपट्टीचा उतारा काढा, बहुतेक घरं सामाईक असतात त्यामुळे भाऊबंदांची लेखी संमती घ्या आणि मगच ग्रामपंचायतीत जा, नाहीतर काम जोत्यापर्यंत आलं की मुंबईच्या काकांना घराची आठवण होतेच.

मग लाकूड. तुळया वरून ठणठणीत दिसतात, कुजतात त्या भिंतीत घुसलेल्या टोकाला. तिथे दाभण टोचून बघा, सहज आत गेलं तर टोक गेलं. म्हणून अख्खी तुळई बदलायची गरज नसते, चांगला सुतार कुजका तुकडा कापून सांधा मारून देतो, जुना साग वखारीत मिळतो.

आता भिंती, खरा घोळ इथेच होतो. जांभा म्हणजेच हा चिरा ओल पितो, जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जाते. त्यावर सिमेंट आणि वर प्लास्टिक पेंट मारला की ओलीला वाट राहत नाही, ती आणखी वर चढते, खार फुटतो, पापुद्रे सुटतात, मग लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात आणि तो अजून एक थर मारून जातो. सिमेंट छिन्नीने हळू काढा, चुना-वाळूचा गिलावा करा, वर चुन्याचे तीन-चार पातळ हात. कळीचा चुना (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा, घाई केली तर न विरलेले खडे नंतर भिंतीत फुगून गिलाव्याला फोड येतात. जमिनीला व्हिट्रीफाईड टाईल्सही नकोत, खालची ओल मग भिंतीकडेच वळते.

नवा भाग मागच्या पडवीच्या बाजूला घ्या, पण जुन्या भिंतीवर स्लॅबचं वजन अजिबात टाकू नका. स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया, आणि जुन्या पायाला खेटून त्याच्यापेक्षा खोल खणायचं नाही. मध्ये पाच-सहा फुटांचा काचेचा पॅसेज ठेवला तर दोन्ही इमारती आपापल्या बसतात, माजघरात उजेडही येतो. त्याचं छत जुन्या पागोळीच्या खाली ठेवा आणि पन्हळ चांगली रुंद घ्या, घर गळतं ते याच सांध्यात. नव्या भागात जायला जुन्या घराचं मागचंच दार वापरा. बाथरूम, किचन, वॉशिंग मशीन सगळं नव्यात. मोठी काच पश्चिमेला नको, लावलीच तर वर तीन फुटांचं छज्जं हवंच, आपल्याकडची झड माहितीये ना.

नवा भाग जुन्यासारखा दिसावा म्हणून खोटे नक्षीचे खांब वगैरे लावू नका, साधा उघडा चिरा, स्टील, लाल कोबा, छान दिसतं. चिरा खाणीतून ताजा काढलेला मऊ असतो, उघड्यावर राहून कडक होतो, म्हणून आधीच आणून ठेवा.

कौलं फेकू नका. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर कितीतरी कारखान्यांची कौलं आली, पाठीमागे छाप बघा. एका छापाचं कौल दुसऱ्यात नीट बसत नाही, फटीतून पाणी येतं. म्हणून उतरवताना छापाप्रमाणे ढीग लावा, जुनी पुढच्या उतारावर चढवा, नवी सगळी मागे. काळोख्या खोलीवर दोन-तीन काचेची कौलं टाका, मस्त उजेड पडतो.

वायरिंगसाठी भिंती खोदू नका, वरून पाईप फिरवा.

काम दिवाळीनंतर लगेच काढा आणि एप्रिलपर्यंत कौलं परत चढवून घ्या, कारण मेमध्ये वळीव कधीही येतो आणि नेमकं तेव्हाच अख्खा गाव कौलं चाळायला काढतो, सुतार फोनसुद्धा उचलत नाही.