मचाणावरून धनुष्याच्या शिकारीचे एकट्याने चित्रण

चढताना सुरक्षापट्टा जमिनीपासूनच झाडाला जोडलेला असावा. धनुष्य आणि कॅमेरा मागाहून दोरीने वर ओढून घ्यावेत. खोडाला आवळलेला कॅमेऱ्याचा आर्म, म्हणजे कॅमेरा धरणारा दांडा, समपातळीत नसेल तर कॅमेरा आपोआप एका बाजूला घसरतो, म्हणून तो आधी नीट बसवावा आणि एकदा प्रत्यंचा पूर्ण ताणून धनुष्याचे टोक त्याला घासत नाही ना, हे पाहावे. ऑटोफोकस मात्र बंदच बरा, कारण ऐन वेळी तो हरणाला सोडून पुढच्या काटकीला चिकटतो. चित्रणापायी नेम ढळू लागला, तर त्या दिवसापुरता चित्रणाचा नाद सोडावा. एरवी हरिण टप्प्यात येताच, रेकॉर्डिंग खरोखर सुरू असल्याची खात्री करून आणि कॅमेऱ्यातली चौकट थोडी सैल, म्हणजे हरणाभोवती मोकळी जागा ठेवून मगच हात प्रत्यंचेकडे न्यावा. बाण सुटताच जनावर उसळते आणि घट्ट चौकटीत नुसते गवत उरते.