गोठ्यातील शेण-मूत्राची स्लरी कशी साठवावी आणि हाताळावी

नागपूर परिसरात पावसाळ्याचे चार महिने काळ्या जमिनीत वाफसा (मशागत करता येईल इतपतच ओल) क्वचितच असतो. त्या काळात स्लरी शेतात टाकल्यास ती ओढ्यात वाहून जाते, म्हणून टाकी निदान तेवढ्या मुदतीची हवी. धुण्याच्या पाण्यासह एका मोठ्या जनावरामागे दिवसाला सुमारे ५० लिटर धरल्यास दहा जनावरांसाठी १२० दिवसांची ६०,००० लिटर क्षमता लागते. वरची एक फूट जागा रिकामी ठेवावी आणि छपराचे पाणी वेगळ्या नालीने बाहेर काढावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे कच्चा खड्डा झिरपतो. टाकी पक्की आणि विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस असावी.

सर्वांत जपण्याची गोष्ट विषारी वायूची आहे. साठलेली स्लरी ढवळताच हायड्रोजन सल्फाइड एकदम बाहेर पडतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. म्हणून ढवळण्यापूर्वी जनावरे बाहेर काढावीत, दारे उघडावीत, विडी पेटवू नये. टाकीत कोणी पडल्यास, तो घरचा माणूस असला तरी, श्वसनयंत्राशिवाय मागोमाग उतरू नये. अशा धावपळीत वाचवणाराही दगावतो. तातडीने १०१ किंवा ११२ वर कळवावे. झाकण व कुंपण यांत काटकसर नकोच.

स्लरी संध्याकाळी द्यावी व लगेच मातीत मिसळावी, म्हणजे अमोनियाच्या रूपाने नत्र कमी उडते. संत्र्याच्या झाडाला ती बुंध्यालगत नव्हे, तर घेराच्या कडेने द्यावी, कारण ओल्या बुंध्यावर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) बळावतो.