पोटभरीचं राजमा सूप, क्रीम न घालता दाट

सूप प्यायलं की तासाभरात परत भूक लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी राजम्याचं सूप एकदा करून बघाच, मोठा बाऊलभर घेतलं की जेवणच होतं. आणि दाटपणासाठी ना क्रीम लागत ना कॉर्नफ्लोअर, सगळं त्या दाण्यातच असतं, फक्त ते बाहेर काढता यायला हवं.

चौघांसाठी पाव किलो राजमा घ्या, लाल किंवा पांढरा कुठलाही चालेल पण फार जुना नको, वर्षानुवर्षं डब्यात पडलेले दाणे कितीही शिजवा, आतून टणकच राहतात. रात्री 8-10 तास भिजत घाला आणि भिजवायच्या पाण्यातच मीठ टाका, लिटरला एक टेबलस्पून. मिठाने दाणे कडक होतात असं खूप जण सांगतात पण होतं उलटंच, मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. सकाळी हे पाणी ओतून द्या आणि दाणे धुवून घ्या, पोटात गॅस करणारी साखर थोडीफार त्यातच निघून जाते.

आता हे मात्र सिरियसली घ्या. कच्च्या राजम्यात, लाल असेल तर जास्तच, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक विषारी प्रथिन) असतं, चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. ते खळखळ उकळल्यावरच निकामी होतं, नुसतं गरम करून नाही, म्हणून उघड्या पातेल्यात करत असाल तर पहिली 30 मिनिटं गॅस मोठाच ठेवा, मग मंद करून दाणे मऊ होईपर्यंत शिजवा. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका, त्याचं तापमान कमी पडतं, आधी वेगळं उकळूनच घाला. प्रेशर कुकरला ही काळजी नाही, सव्वा लिटर पाणी, एक तमालपत्र, एक शिट्टी झाली की बारीक गॅसवर 20 मिनिटं, आणि प्रेशर आपोआप उतरू द्या. दाणा जिभेने टाळूवर दाबला की विरघळला पाहिजे, नाहीतर परत लावा. शिजवलेलं पाणी अजिबात फेकायचं नाही हं, तोच आपला स्टॉक.

राजमा शिजतोय तोवर जाड बुडाच्या पातेल्यात दोन-तीन चमचे तेल तापवून एक मोठा कांदा, दोन गाजरं आणि असेल तर सेलरी बारीक चिरून परता. इथे घाई नको, 12-15 मिनिटं बारीक गॅसवर, कांदा सोनेरी होऊन गोडसर वास सुटेपर्यंत, कारण मांसाचा स्टॉक नाही म्हटल्यावर चवीचा पाया हाच. मग चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, आणि दोन चमचे टोमॅटो पेस्ट घालून ती गडद होईपर्यंत परता. मशरूम आवडत असतील तर तेही याच वेळी, चव एकदम भरदार होते.

टोमॅटो राजम्यासोबत कुकरमध्ये घालू नका, आंबटपणात दाणे शिजायला खूप वेळ लागतो, दाणे आधी मऊ होऊ देत मग दोन टोमॅटो चिरून या परतलेल्या भाजीत घाला, आणि वरून राजमा त्याच्या पाण्यासकट ओता. मीठ, मिरपूड, थोडी ओरेगॅनो किंवा थाइम, आणि 20 मिनिटं मंद उकळी.

मग तमालपत्र काढून टाका, पातेल्यातलं साधारण एक तृतीयांश सूप बाजूला काढून ब्लेंडरला फिरवा (थोडं थंड करून, वाफेने झाकण उडतं) आणि परत ओता, की झालं दाट. सगळं मात्र फिरवू नका, अख्खे दाणे चावायला हवेतच. शेवटी मूठभर पालक, गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस, आणि मग मीठ परत चाखा, राजमा बरंच मीठ शोषून घेतो.

उरलं तर फ्रीजमध्ये तीनेक दिवस छान राहतं आणि दुसऱ्या दिवशी जास्तच मुरतं, फक्त घट्ट गोळा झालेला असतो, तेव्हा गरम पाणी घालून सैल करा आणि चांगली उकळी आणूनच वाढा.