रन म्हणजे धावणे? मकरपुऱ्यात तरी नाही

नवीन कामाला लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय, खास करून ज्यांची शाळा माझ्यासारखी गुजराती मिडीयमची, घरात मराठी आणि इंग्लिश फक्त पेपरापुरतं. मेकॅनिकल डिप्लोमा करून मी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका छोट्या मशीन शॉपमध्ये क्वालिटीला ट्रेनी लागले तेव्हा धास्ती होती ती मोठमोठ्या शब्दांची. पण मोठ्या शब्दाला बहुतेक एकच अर्थ असतो, एकदा पाठ केला की सुटलो. माझी वाट लावली ती 'रन'नं.

आम्ही दांडिया बाजारातले, आमच्याकडे रन म्हणजे क्रिकेट. १९४७ ची रणजी फायनल, बडोद्यातच, इंदूरच्या होळकर टीमविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमदची ५७७ रनांची पार्टनरशिप, त्यात हजारेंचे २८८ आणि गुल महंमदचे ३१९, हे आजोबांकडून जेवताना इतक्यांदा ऐकलंय की आमटी बघितली तरी मला स्कोअर आठवतो. दुसरा अर्थ शाळेतला, दोडवुं, म्हणजे धावणे. एवढ्या भांडवलावर नोकरीला गेले.

पहिल्याच आठवड्यात ड्रॉइंगवर तिसरा भेटला. रनआऊट ०.०५. इथे कोणी आऊट होत नाही, शाफ्ट म्हणजे फिरणारा गोल दांडा, तो दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकदार आधारांमध्ये धरायचा, डायल गेज, म्हणजे काट्याचं मोजायचं घड्याळ, टेकवायचा, हातानं सावकाश एक फेरा फिरवायचा आणि काटा कमीत कमी ते जास्तीत जास्त किती हलला ते बघायचं, म्हणजे शाफ्ट फिरताना अक्षापासून किती डोलतो ते कळतं. डायलचं एक घर ०.०१ मिमी, म्हणजे पाच घरांच्या आत असेल तर पास. ड्रॉइंगवर एक तिरका बाण असेल तर त्या त्या जागेपुरतं बघायचं, दोन बाण असतील तर टोटल रनआऊट, मग डायल पूर्ण लांबीवर सरकवत न्यायचा. हे मला छान जमलं आणि तिथेच घात झाला.

एका दुपारी साहेब बाहेर होते आणि कस्टमरचा मेल आला, 'वी आर रनिंग आऊट ऑफ शाफ्ट्स, प्लीज रश'. माझ्या पोटात गोळा. म्हटलं मेलं, आपले शाफ्ट रनआऊटमध्ये गेले, कम्प्लेंट आली! पॅकिंग झालेले साठ शाफ्ट मी परत उघडले, तेल पुसलं, एकेक सेंटरमध्ये लावून मोजत बसले, काटा काही केल्या तीन घरांपुढे जाईना, सेव उसळीची सुट्टी पण घेतली नाही. संध्याकाळी लेथवरच्या काकांनी मेल वाचला नि कपाळावर हात मारला, "अरे बेन, माल खूटी गयो छे, माल!" त्यांच्याकडचे शाफ्ट संपत आले होते आणि जे ताबडतोब पाठवायचे तेच मी उघडून बसले होते. टेम्पो दुसऱ्या दिवशी गेला आणि जे ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेतलं.

त्यानंतर माझं मत असं झालं की रन शिकायचा तर धावण्यावरून नाही, 'चालणे'वरून शिका. मशीन चालतं, दुकान चालवतात, प्रोग्रॅम चालवतात, बस सकाळी सहापासून चालू, सगळीकडे रन. ट्रायल रन म्हणजे चालवून बघणे, आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं चालणाऱ्या मशीनवर, ड्राय रन म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) न लावता प्रोग्रॅम हवेतच चालवणे. जिथे चालणे बसत नाही तिथे 'वाहणे' लावून बघा, नाक, नळ, नदी, सगळं रन होतं, मोल्डिंगवाल्यांचा रनर पण तोच, डायमध्ये प्लास्टिक ज्या वाटेनं वाहत जातं ती वाट. कपड्याचा रंग जातो तो पण रन. निवडणुकीला मात्र आपण उभे राहतो, इंग्लंडवाले पण उभेच राहतात, अमेरिकावाले रन करतात, का ते त्यांनाच ठाऊक.

आणि रनच्या मागे चिकटलेला छोटा शब्द आधी वाचायचा, अर्थ तिथे असतो. आऊट ऑफ असेल तर काहीतरी संपतंय, इनटू असेल तर कुणाशी किंवा कशाशी गाठ पडली, ओव्हर असेल तर गाडीखाली आलं नाहीतर मीटिंग लांबली. साहेब म्हणाले 'रन इट बाय मी' तर रिपोर्ट पाठवायच्या आधी त्यांना दाखवायचा, एवढंच.

नाही जमलं तर स्वतःला मठ्ठ समजू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' सगळ्यात लांब होता, चारशेच्या वर अर्थ, पुढे नव्या आवृत्तीसाठी रन नव्यानं लिहायला घेतला तर नुसत्या क्रियापदाचेच ६४५ निघाले. आणि आपलं 'लागणे' काय कमी आहे का? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, बस लागते, पाऊस पडायला लागतो, तो माझा मामा लागतो. शॉपमधल्या एका बिहारी ऑपरेटरला मी मराठी शिकवतेय, तो दोन महिने लागणेवरच अडकलाय. परवा त्यानं विचारलं, "मॅडम, बस लागली म्हणजे बस आली की उलटी झाली?" दोन्ही, म्हटलं.