परभणी–बोरी अपडाऊन: पेट्रोलचा खर्च मी निम्म्यावर कसा आणला

मी परभणीत राहते आणि जिंतूर रोडवर बोरीला एका पतसंस्थेत कॅशिअर आहे. घरून निघून परत घरी येईपर्यंत ५८ किलोमीटर होतात. नऊ वर्षं अपडाऊन करतेय, त्यातली सात स्कूटरवर. पेट्रोलचा खर्च वहीत मांडायला लागले २०२२ च्या एप्रिलमध्ये. त्या महिन्यात आमच्याकडे भाव १२० च्या वर गेला होता आणि पगार झाल्यावर दहाव्या दिवशी मी भावाकडून दोन हजार उसने घेतले होते. लेकराच्या क्लासची फी थांबवून टाकीत पेट्रोल घालावं लागलं, हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून जे करत आले आणि ज्याचा खरोखर फरक पडला, तेवढंच इथे सांगते.

आधी आमच्या भावाचं. परभणीचं नाव पेट्रोलच्या बातमीत नेहमी येतं. मे २०२१ मध्ये मुंबईत शंभरी ओलांडली तेव्हा देशभर गाजावाजा झाला, आमच्याकडे ती त्याआधीच ओलांडली होती. आमचं पेट्रोल येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून. रेल्वेने मोजलं तरी परभणी ते मनमाड २९० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि टँकरचं ते भाडं लिटरमागे आपल्याच बिलात येतं. त्यावर केंद्राचा अबकारी कर, पंपवाल्याचं कमिशन, राज्याचा व्हॅट आणि वर लिटरमागे ठरलेला अधिभार. व्हॅट टक्क्यात असतो, म्हणजे मूळ भाव चढला की करही त्याच्याबरोबर चढतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने ५ रुपये कमी केले, मे २०२२ मध्ये ८, जुलै २०२२ मध्ये राज्याने ५, मार्च २०२४ मध्ये आणखी २. एवढं होऊनही भाव शंभराच्या खाली आला नाही. ज्याच्या गावाला वेळेवर एसटी नाही, त्याला दुचाकी ही चैन नाही, ती त्याची भाकरी आहे. त्याच्याकडून एवढा कर घेणं मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते.

पण सकाळी नऊला गाडी काढावीच लागते.

लिटरचा भाव सोडा, किलोमीटरचा भाव काढा

लिटरचा भाव आपल्या हातात नाही. किलोमीटरला किती पैसे जळतात, ते बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. त्यासाठी आधी खरं मायलेज कळायला हवं. गाडीच्या मीटरवर दिसणारं नव्हे, शोरूमवाल्याने सांगितलेलं तर नाहीच.

टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद होईपर्यंतच. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. नेहमीच्या रस्त्याने दीड-दोनशे किलोमीटर गाडी चालवा. मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पुन्हा तशीच फुल करा. दुसऱ्यांदा जेवढे लिटर बसले, त्याने झालेल्या किलोमीटरला भागा. हे तीनदा करून सरासरी घ्या, एकदाच्या आकड्यावर विसंबू नका. मी तर समजून चालले होते की माझी गाडी ४५ देते. निघाले ३८.

हिशेबाला पेट्रोल १०७ रुपये धरते. ३८ च्या मायलेजला किलोमीटरला २ रुपये ८२ पैसे पडतात. रोजचे १६३, पंचवीस दिवसांचे ४,०८२ रुपये. हा आकडा वहीत लिहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्हीही तुमचा आकडा लिहा. महिन्याचा एकत्र आकडा समोर येत नाही तोवर रोजचे दीडशे रुपये जाणवत नाहीत.

३८ चे ४६ कसे झाले

सगळ्यात मोठी चोरी मागच्या ब्रेकची निघाली. ब्रेक शू बदलून आणले होते आणि ब्रेक जरा जास्तच कसला गेला होता, त्यामुळे चाक सतत घासत होतं. तपासायला गॅरेजची गरज नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा आणि मागचं चाक हाताने फिरवा. सहज फिरलं पाहिजे. खर्र खर्र आवाज करत लगेच थांबलं, तर तुमचं पेट्रोल तिथे जातंय. मेकॅनिकने नट जरासा ढिला केला, एक रुपया घेतला नाही.

दुसरी हवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो, म्हणून लोक सांगतात उन्हाळ्यात हवा कमी ठेवा. हे चुकीचं आहे. कमी हवेचा टायर रस्त्याला जास्त चिकटतो, उलट जास्तच तापतो आणि पेट्रोलही ओढतो. कंपनीने पुस्तकात दिलेला आकडाच ठेवायचा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच लिहिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. दहा किलोमीटर पळवून आणलेल्या टायरचा आकडा वाढीव दिसतो. पंपावर हवा फुकट मिळते, तो आपला हक्क आहे, मागायला लाजू नका. मी दर सोमवारी भरते. ब्रेक आणि हवा या दोन्हींनी मिळून मायलेज ४२ झालं.

मग एअर फिल्टर. आमच्या रस्त्याला काळ्या मातीची धूळ असते आणि कापूस-सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरची वर्दळ. कंपनीच्या वेळापत्रकात लिहिलंय तितके दिवस फिल्टर इथे टिकत नाही. बऱ्याच स्कूटरमध्ये आता तेल लावलेला कागदी फिल्टर येतो. तो हवेच्या प्रेशरने झटकून परत बसवायचा नसतो, बदलायचाच असतो. मला दोन वर्षं झटकूनच देत होते. फिल्टर आणि प्लग बदलल्यावर ४४ झाले.

शेवटचे दोन किलोमीटर माझ्या उजव्या हाताने वाढवले. मी ६५-७० ने जायची. आता ४५ ते ५० ने जाते. घरून सात-आठ मिनिटं आधी निघावं लागतं, एवढंच. पुढे स्पीडब्रेकर दिसला की आधीच रेस सोडायची, शेवटपर्यंत पळवून करकचून ब्रेक मारायचा नाही. फाटक बंद असेल तर इंजिन बंद. डिक्कीत मी दोन लिटर पाणी, जुन्या पावत्या, छत्री, कुलूप असं काय काय घेऊन फिरत होते, तेही काढलं. त्याने किती फरक पडला ते मला वेगळं मोजता आलं नाही.

४६ ला किलोमीटरचा भाव झाला २ रुपये ३३ पैसे, महिन्याचे ३,३७३. म्हणजे काहीही विकत न घेता, फिल्टर-प्लग सोडून, सातशे रुपये वाचले.

पंपावर

शून्य बघितल्याशिवाय नोझल टाकीत घालू द्यायचं नाही. एकदा एका पंपावर मी पर्समधून पैसे काढत होते आणि मशीन आधीच्या गिऱ्हाईकाच्या चाळीस रुपयांवरूनच पुढे चालू झालं. वाद घातला, पैसे परत मिळाले, पण त्या दिवसापासून मी आधी गाडीवरून उतरते, मग आकडा बघते, मग पर्सला हात लावते.

मापाची शंका आली तर पाच लिटरच्या शिक्का मारलेल्या मापाने मोजून दाखवा असं सांगता येतं. प्रत्येक पंपावर ते माप ठेवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त कमी भरलं तर वैधमापन विभागाकडे तक्रार करायची. पेट्रोल भेसळीचं वाटलं तर फिल्टर पेपरची चाचणीही मागता येते.

शंभरऐवजी ११० चं भरा, पहाटे भरा म्हणजे जास्त बसतं, या गोष्टींत तथ्य नाही. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं, तिथे सकाळ-दुपारच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. आणि पन्नास पैसे स्वस्त म्हणून लांबच्या पंपावर जाऊ नका. तीन लिटरला दीड रुपया वाचतो. तिथे जाऊन-येऊन दहा किलोमीटर झाले तर माझ्या गाडीचे २३ रुपये जातात.

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. माझा भाऊ ऊस लावतो, त्यामुळे इथेनॉलबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी असते, म्हणून मायलेज थोडं घटतं, आणि जुन्या गाड्यांना ते जास्त जाणवतं. लिटरचा भाव मात्र तेवढाच. दुसरी गोष्ट अशी की इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचा रबर फाटलेला असेल तर आधी बदला, गाडी पावसात उघडी ठेवू नका, आणि दोन-तीन आठवडे न चालवता पेट्रोल टाकीत पडू देऊ नका.

एसटी आणि डबल सीट

गाडी कितीही नीट ठेवली तरी बचतीला एक हद्द आहे. महिन्याचा खर्च निम्म्याच्या खाली आला तो गाडी घरी ठेवल्यामुळे.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मला जाऊन-येऊन पन्नास-बावन्न रुपये लागतात, स्कूटरचे १३५. पास काढायचा का, हे नीट समजून घ्या, कारण यात बायांचा आणि पुरुषांचा हिशेब वेगळा आहे. महिन्याच्या पासात २० दिवसांचं पूर्ण भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो, तीन महिन्यांच्या पासात ५० दिवसांचं भरून ९० दिवस. बाईने महिनाभर रोज अर्ध्या तिकिटावर प्रवास केला तरी ते पासापेक्षा स्वस्तच पडतं, तिने पास काढू नये. पुरुषाने मात्र तीन महिन्यांचा काढावा. महिन्याला पंचवीस दिवस जाणं-येणं असेल तर भाड्यात तिसरा हिस्सा वाचतो. माझे मालक मानवतला जातात, त्यांना मीच तो पास काढायला लावला.

अडचण वेळेची. सकाळची गाडी मला जमते, संध्याकाळी कॅश जुळायला उशीर झाला की गाडी निघून जाते. म्हणून ज्या दिवशी गर्दी नसते तेव्हाच एसटी, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किंवा बाजाराच्या दिवशी स्कूटर.

स्कूटरवर मी एकटी क्वचितच असते. आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टर माझ्याच कॉलनीत राहतात. सुरुवातीला त्या रोज मला पैसे द्यायच्या, त्यात दोघींनाही संकोच वाटायचा. मी किती मागावं, टायरचे धरावेत की नाही, सुट्टे नसले की उद्यावर. मग ठरवलं, एक दिवस त्यांची गाडी, एक दिवस माझी. पैसे हातात घ्यायचेच नाहीत. पांढऱ्या पाटीच्या गाडीवर भाडं घेता येत नाही, तो प्रश्नही उरत नाही. दोघी बसल्या की माझं मायलेज ४२ वर येतं, तरी दोन दिवसांत एकदाच पेट्रोल जळतं, म्हणजे दिवसाला ७४ रुपये पडतात.

असं जमवणार असाल तर तीन गोष्टी आधी बोलून घ्या. निघायची वेळ, आणि किती मिनिटं थांबायचं ती हद्द. आम्ही पाच मिनिटं ठरवली आहेत. रजा असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचं. आणि विमा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर सहसा मागे बसणाऱ्याची जोखीम तिच्यात धरलेली नसते, म्हणून एजंटला विचारून पॅकेज पॉलिसी घ्या. हेल्मेट दोघींनाही. सिस्टर अपघाताच्या केसेस रोज बघतात, त्यामुळे त्यांना हे सांगावं लागलं नाही.

गेल्या महिन्याचा हिशेब असा होता: दहा दिवस एसटी, ५२० रुपये. बारा दिवस डबल सीट, त्यात माझ्या पेट्रोलचे सहा दिवस, ८८७ रुपये. तीन दिवस एकटी, ४०५. एकूण १,८१२. त्याच रस्त्याला, त्याच नोकरीला पूर्वी ४,०८२ लागत होते.

बॅटरीच्या स्कूटरबद्दल सगळे विचारतात. माझ्या अंतराला दिवसाला दोन-अडीच युनिट पुरतील, म्हणजे चालवायचा खर्च फारच कमी. पण लाखभर रुपये आधी लागतात, आणि १,८०० वर आलेल्या खर्चात त्या गाडीचा हप्ता बसत नाही. ज्यांचा महिन्याला चार हजारांच्या वर पेट्रोलला जातो आणि ज्यांना घरी, अंगणात, स्वतःच्या मीटरवर चार्जिंग करता येतं, त्यांनी हिशेब मांडून बघावा.

संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही बोरीला अपडाऊन करणारे एकत्र येऊन अर्ज लिहितोय. तुमच्या रस्त्यावरही तसं करता येईल. आगारप्रमुखांच्या नावे लिहा. किती माणसं, कोणत्या थांब्यावरून, किती वाजता, आठवड्यातले कोणते दिवस, हे आकड्यांत द्या. "गाडी वाढवा" एवढंच लिहिलं तर त्यावर कोणाला काही करता येत नाही. खाली प्रत्येकाची सही आणि कामाचं ठिकाण. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या आणि ती जपून ठेवा. आमची मागणी साडेसहाऐवजी पावणेसातची आहे. त्या पंधरा मिनिटांत माझी कॅश जुळते.