ठणका मोठा की धोका मोठा?

दातांच्या आपत्कालीन विभागात नव्याने ड्युटी लागली, की जो सगळ्यात जास्त कळवळतोय त्यालाच आधी घ्यावंसं वाटतं. पण गाल धरून येरझाऱ्या घालणारा, ‘डॉक्टर, आत्ताच्या आत्ता उपटून टाका’ म्हणणारा पेशंट अर्धा तास थांबला, तर त्याचे हाल होतात, जीव जात नाही. कोपऱ्यात पुढे वाकून गप्प बसलेल्याकडे बघा. तो बोलत नाही, कारण त्याला बोलवत नाही. रुमाल तोंडाशी धरलाय, कारण लाळ गिळवत नाही. तुमच्या कामाची सुरुवात चेअरवर नाही, वेटिंग रूमच्या दारातच होते.

इंटर्नशिपला आलेल्या मुलामुलींना मी पहिल्यांदा सुजेबद्दल सांगते, कारण इथे दुखणं आपल्याला फसवतं. दाढेच्या मुळाशी साठलेला पू हाडात कोंडलेला असतो तोवर ठणका असह्य असतो. हाड फोडून तो बाहेरच्या मऊ भागात आला, की दाब उतरतो आणि दुखणं कमी होतं. मग पेशंट सांगतो, ‘कालपासून बरंच बरं आहे, फक्त जरा सूज आलीये.’ हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. बऱ्याचदा ती साधी गळवासारखी सूज असते. चिरा देऊन पू काढला, दाताचा बंदोबस्त केला, की काम झालं. पण खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला, तोंडाचा तळ धरून ठेवणाऱ्या स्नायूच्या खाली टेकलेली असतात. तिथला पू तोंडात न फुटता हनुवटीखाली आणि मानेत उतरू शकतो.

दोन्ही बाजूंनी हनुवटीखाली सूज, हाताला फळीसारखी कडक, जीभ वर आणि मागे ढकललेली, तोंडात गरम घास धरून बोलावं तसा आवाज: हे चित्र म्हणजे लुडविग्ज अँजायना, तोंडाच्या तळाचा पसरणारा संसर्ग. विल्हेल्म फ्रिडरिख फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. आज अँटिबायोटिक्स आहेत, तरीही त्यात माणूस दगावतो तो श्वासमार्ग बंद होऊन.

त्यामुळे सूज असलेल्या प्रत्येकाला मी ठरलेले प्रश्न विचारते. श्वास घ्यायला त्रास होतो का? पाणी गिळता येतं का? ताप, थंडी? सूज कधीपासून आणि गेल्या काही तासांत वाढली का? मधुमेह आहे का? प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का? मग तोंड उघडायला सांगायचं. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत गेली तर ठीक. जेमतेम एक जात असेल, तर संसर्ग चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोचला असण्याची शक्यता धरून चाला. जीभ उचलायला सांगा, तिच्याखालचा भाग बोटाने दाबून पाहा. मऊ असावा. कडक आणि फुगलेला असेल, तर आरसा-प्रोब खाली ठेवा आणि फोन उचला.

अशा पेशंटला चेअरवर आडवं करू नका. तो पुढे वाकून बसलाय ते श्वास नीट यावा म्हणून; त्याला तसंच बसू द्या. भूल देऊन ‘बघू काही निघतंय का’ हा प्रयोग तर नकोच. जिथे भूलतज्ज्ञ आहेत, श्वासनलिकेत नळी घालण्याची आणि वेळ आली तर गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग मोकळा करण्याची सोय आहे, अशा रुग्णालयात सोबत कुणीतरी देऊन पाठवा. आधी फोन करून काय येतंय ते सांगा. गोळ्या लिहून ‘उद्या दाखवा’ म्हणणं हा इथला सगळ्यात घातक शॉर्टकट आहे. वरच्या सुळ्याच्या बाजूने डोळ्यापर्यंत चढलेल्या सुजेलाही हाच नियम. पापणी मिटली असेल, बुबुळ हलवताना दुखत असेल, नजर धूसर झाली असेल, तर तो पेशंट आपल्या खुर्चीचा नाही.

आता फोनवरच्या इमर्जन्सीकडे येते. अख्खा दात मुळासकट बाहेर पडला, तर खरी ट्रीटमेंट तुम्ही नाही, फोन करणारा करतो. तुम्ही फक्त त्याच्याकडून करवून घेता. म्हणून हे संभाषण तोंडपाठ हवं. पहिला प्रश्न: वय किती, दुधाचा दात की कायमचा? दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, कारण खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. पुढचे कायमचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षापासून येऊ लागतात. ते दुधाच्या दातांपेक्षा मोठे असतात आणि नवीन असताना त्यांच्या कडेला बारीक करवती दाते दिसतात. पालक घाबरलेले असतात, तरी एवढं बघून सांगू शकतात.

कायमचा असेल तर एकेक वाक्य सांगायचं आणि ते झाल्यावरच पुढचं. दात शोधा. पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने, सलाइनने किंवा मुलाच्याच लाळेने हलकेच धुवा. घासू नका, पुसू नका. दाताची पुढची बाजू पुढे येईल असा धरून खाचेत परत बसवा. स्वच्छ रुमाल दुमडून त्यावर चावून धरायला सांगा आणि निघा. पुष्कळांचं इथे धाडस होत नाही. मग घासाघीस करत बसू नका, दात दुधात टाकून आणायला सांगा. दूध नसेल तर लाळेत किंवा सलाइनमध्ये. पाणी त्यासाठी चांगलं नाही, कारण साध्या पाण्यात मुळावरच्या पेशी फुगून फुटतात. पण दुसरं काहीच नसेल तर कोरडा आणण्यापेक्षा पाणी परवडलं. टिश्यूपेपरात गुंडाळून खिशात टाकलेला दात मात्र दर मिनिटाला मरत असतो.

हा सगळा आटापिटा मुळावरच्या पातळ आवरणातल्या पेशींसाठी आहे. दात पंधरा मिनिटांच्या आत खाचेत गेला तर त्या बहुतेक जगतात. तासाभरापेक्षा जास्त वेळ कोरडा राहिला तर बहुधा मेलेल्या असतात. तरीही उशिरा आलेला दात बसवतातच, आणि इथे ज्युनियर हमखास विचारतात, ‘मग उपयोग काय?’ तो दात हाडाला चिकटेल आणि कालांतराने त्याचं मूळ झिजत जाईल, हे खरं. पण तोवर तिथली हाडाची उंची आणि रुंदी टिकते, चेहरा टिकतो, आणि वाढत्या वयाच्या मुलासाठी ती वर्षं मोलाची असतात. हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगावं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

क्लिनिकमध्ये आल्यावर घाई करायची ती दात बसवण्याची, बाकी सगळं सावकाश. जागा सलाइनने हलकेच धुवा, दात बोटाच्या दाबाने बसवा, एक्स-रे काढा. पातळ, लवचीक तारेचा स्प्लिंट, म्हणजे शेजारच्या दातांना बांधून दिलेला आधार, दोन आठवडे. जाड, ताठ तार लावून दात पक्का करण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण थोडी हालचाल मिळाली तर मूळ हाडाला चिकटण्याचा धोका कमी होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते विचारा. मुळाचं टोक पूर्ण तयार झालेलं असेल तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनल सुरू करायचं. टोक अजून उघडं असेल तर आत पुन्हा रक्तपुरवठा सुरू होण्याची आशा असते, म्हणून लक्ष ठेवून थांबतात.

मार लागलेल्या कुठल्याही पेशंटला दाताआधी डोक्याबद्दल विचारा: शुद्ध गेली होती का, उलटी झाली का, घडलेलं आठवतं का. हनुवटीवर जखम असेल तर बोटं कानापुढे ठेवून तोंड उघड-मीट करायला लावा. हनुवटीवरचा मार सांध्याजवळचं हाड मोडतो आणि सगळे बघत बसतात ते हनुवटीचे टाके. दात एकमेकांवर नेहमीसारखे बसत नसतील, खालचा ओठ बधिर असेल किंवा एक दात हलवल्यावर शेजारचे दोन-तीन सोबत हलत असतील, तर मोडलंय ते हाड. दाताचा तुटलेला तुकडा सापडत नसेल तर तो ओठात रुतलाय का ते पाहा. तिथेही नसेल आणि पेशंट खोकत असेल तर छातीचा एक्स-रे. सापडला तर पाण्यात ठेवा, पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो.

आता त्या येरझाऱ्या घालणाऱ्याकडे. त्याचं दुखणं खोटं नाही. दाताच्या नसेचा ठणका माणसाला रडवतो. गार पाण्याने क्षणभर सणक येऊन थांबत असेल तर नस अजून वाचू शकते. आपोआप सुरू होणारं, आडवं झाल्यावर वाढणारं, गरम लागल्यावर बराच वेळ रेंगाळणारं दुखणं असेल तर ती वाचण्यापलीकडे गेलीये. काहीजण गार पाण्याची बाटली घेऊनच येतात, दर मिनिटाला घोट घेतात. ती बाटली दिसली की निदान अर्धं झालं.

अशा पेशंटला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. कोंडलेल्या नसेच्या सुजेवर ती गोळी काम करत नाही, आणि ‘काहीतरी लिहून द्या’ हा आग्रह मोडायला शिकणं हा या कामाचा कंटाळवाणा पण मोठा भाग आहे. अँटिबायोटिक लागतं ते ताप, पसरणारी सूज, सुजलेल्या गाठी अशी लक्षणं असताना, आणि तेव्हाही पू बाहेर काढण्याच्या जोडीला. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र चांगलं काम करतात, मात्र किडनीचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, दमा यांची चौकशी केल्याशिवाय आयबुप्रोफेन नाही. घरून येताना कुणी हिरडीवर ॲस्पिरिन दाबून ठेवलेली असते. तिथे पांढरा चट्टा दिसेल, तो भाजल्याचा असतो. आणि खालच्या दाढेच्या अशा पेटलेल्या नसेला भूल पटकन चढत नाही. ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं समजू नका. आधी गार लावून तपासा, लागलं तर जादा भूल द्या, मगच ड्रिल.

एक सवय मात्र पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. खालचा जबडा दुखतोय पण एकही दात दोषी सापडत नाही, जिना चढताना दुखणं वाढतं आणि बसल्यावर थांबतं, सोबत घाम किंवा छातीत जडपणा: हे हृदयाचं दुखणं असू शकतं. निर्दोष दाढ काढून अशा पेशंटला घरी पाठवू नये. ईसीजी आधी.

दात काढल्यानंतर रक्त थांबत नाही म्हणून रात्री येणारे पुष्कळ. बेसिनभर लाल दिसतं, त्यात बरीचशी लाळ असते. ते दर दोन मिनिटांनी थुंकतात आणि धरलेली गुठळी काढून टाकतात. गुठळीचे लोंबणारे तुकडे साफ करा, ओला गॉझ नेमका खाचेवर ठेवा आणि वीस-तीस मिनिटं चावून धरायला लावा. मध्ये उचलून बघायचं नाही, तुम्हीही नाही. थांबलं नाही तर भूल देऊन टाके, आणि गरजेप्रमाणे गुठळी टिकवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा गॉझ. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायला सांगू नका; त्या देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. दोन-तीन दिवसांनी, बरं वाटायला लागलेलं असताना अचानक कानापर्यंत जाणारा ठणका आणि तोंडाला घाण वास येत असेल, तर तो ड्राय सॉकेट, म्हणजे गुठळी गेल्याने उघडी पडलेली खाच. धुणं, औषधाची पट्टी, वेदनाशामक. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तो जास्त दिसतो.

चेअरवरच कुणी पांढरा पडून घामाघूम झाला तर बहुतेक वेळा ती साधी चक्कर असते: चेअर आडवी, पाय वर. दिवस भरत आलेली गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. मधुमेही असेल तर साखर तपासा; ती कमी असेल आणि पेशंट शुद्धीत असेल तर ग्लुकोज पाजा. अंगावर गांध्या, घरघर, ओठ सुजणं अशी तीव्र ॲलर्जीची लक्षणं दिसली तर अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, आणि लगेच रुग्णवाहिका. ते कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे ड्युटीच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या. कुणी आपणहून दाखवत नाही.

केसपेपरवर निदानाइतकीच वेळ महत्त्वाची: दात किती वाजता पडला, किती वेळ कोरडा होता, सूज किती वाजता कुठपर्यंत होती. सुजेची कड मार्करने कातडीवरच आखून ठेवा. मग पुढच्या शिफ्टच्या डॉक्टरला ‘थोडी वाढल्यासारखी वाटते’ असा अंदाज बांधत बसावा लागत नाही. पू काढून घरी पाठवलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा, आणि ‘बरं आहे का’ असं विचारू नका. बहुतेकजण हो म्हणतात. चहा गिळता आला का आणि बोटं किती जातात, ते विचारा.