जिरायती हरभऱ्याला रायझोबियम लावताना

रायझोबियम हे मुळांवर गाठी करून हवेतले नत्र पिकाला देणारे जिवाणू; बियाला लावायला ते पाकिटात मिळतात, त्यालाच कल्चर म्हणतात. सातारा-सांगलीतल्या माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात कल्चर लावूनही हरभऱ्याला गाठी आल्या नाहीत, अशी तक्रार दरवर्षी असते. बहुतेक वेळा जिवाणू पाकिटातच किंवा बियावरच मेलेले असतात. रायझोबियम सजीव आहे. ऊन, कोरडेपणा आणि रासायनिक खताशी थेट संबंध या तिन्हींनी ते मरते.

पाकिटावर पिकाचे नाव आणि वापरायची अंतिम तारीख पाहूनच घ्या. तूर, मूग, उडीद, मटकी, चवळी, हुलगा यांना एकाच गटाचे जिवाणू चालतात; हरभऱ्याचे वेगळे, सोयाबीनचे त्याहून वेगळे. तुरीचे उरलेले पाकीट हरभऱ्याला लावले तर खर्च वाया. घरी आणल्यावर ते थंड, सावलीच्या जागी ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा औषधांच्या फळीवर नको.

विजयसारख्या वाणाचे एकरी २६ ते २८ किलो बी लागते. दर १० किलो बियाला २५० ग्रॅम रायझोबियम आणि तेवढेच स्फुरद विरघळविणारे जिवाणू (पीएसबी) धरा, म्हणजे एकराला दोन्हींची तीन-तीन पाकिटे. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. गरम पाण्यात जिवाणू दगावतात, म्हणून हात घालून पाहा. कल्चर त्यात कालवून पातळ लापशीसारखे करा आणि ताडपत्रीवर पसरलेल्या बियावर शिंपडत हलक्या हाताने चोळा. प्रत्येक दाण्यावर काळपट थर दिसला पाहिजे, पण बी भिजून फुगता कामा नये. सगळे पाणी एकदम ओतू नका, लागेल तेवढेच घ्या. सोयाबीनची साल पातळ असते, तिथे तर पाणी आणखी कमी.

बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, बी सुकल्यावर जिवाणू शेवटी. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम असेल तर अडचण नाही. बी सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा; २४ तासांपुढे ठेवू नका.

पेरणी २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबरच्या दरम्यान, जमिनीत ओल असताना, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. जिरायतात बी १० सेंटिमीटरपर्यंत खोल, ओलीत पडू द्या. वरचा थर दुपारी तापतो, त्यात जिवाणू टिकत नाहीत. खरिपात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत, मूग-मटकी पेरणार असाल, तर बियाला कल्चर लावणे व्यर्थ आहे; पाऊस लांबला की सगळे गेले. त्यापेक्षा पावसानंतर एकरी २ किलो कल्चर ५० किलो ओलसर, चाळलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी ओळीलगत द्या आणि कोळप्याने झाका.

एकरी एक पोते (५० किलो) डीएपी खत पुरे. त्यातून ९ किलो नत्र मिळते, सुरुवातीला तेवढेच हवे. वरून युरिया टाकला की झाड गाठी करायचे सोडते, कारण आयते नत्र मिळाल्यावर जिवाणूंना साखर पुरवायची त्याला गरज उरत नाही. आणि खत बियात मिसळून पेरू नका. दोन चाड्याच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळ्या नळ्यांतून सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) खत बियाखाली वेगळे पडेल असे पाहा.

३५ ते ४० दिवसांनी चार-पाच ठिकाणची झाडे खुरप्याने मातीसकट काढा. उपटली तर गाठी जमिनीतच राहतात. मुळे पाण्यात बुडवून माती सुटू द्या, मग मोठी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर नत्र बांधले जात आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती निकामी. सोटमुळाच्या वरच्या भागात जाड गाठींचा घोस असेल तर बियावरचे कल्चर लागू पडले. फक्त लांबच्या तंतुमुळांवर बारीक गाठी असतील तर त्या बहुधा जमिनीतल्या मूळच्या जिवाणूंच्या.

गाठीच नसतील तर त्या हंगामात कल्चर पुन्हा देऊन फारसे साधत नाही. फुलोऱ्यात २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, फवारा आणि १०-१५ दिवसांनी पुन्हा एकदा घ्या.